तू टँक लहान केलास तेव्हा

दादा, आधी हे सांगते, बाकीचं मागून. तुझा टँक जिवंत आहे. डिचोलीत तुझ्याच हॉलमध्ये, तुझ्याच कदेलीवर बसून मी हे लिहिते आहे. दुपारची जेवणं आटोपली आहेत, पुढ्यात तो काचेचा चौकोन आहे आणि आतली जांभळी कोरलं पूर्ण उघडली आहेत. दोन ओळी लिहिते, उठते, नाक काचेला लावते, परत येऊन बसते. वहिनी मघाशी म्हणाली, "शालूबाय, इतलें पळेवंक नाका. तांकांय लज दिसतली." मग पाच मिनिटं मी बघायला नाही उठले. सहाव्या मिनिटाला उठलेच.

तुझं बारावं परवा झालं. पेपरात फोटो आला, खाली तुझी नोकरी, तुझं गाव आणि 'मनमिळाऊ स्वभावाचे' असं छापलंय. मनमिळाऊ! माझ्याशी तीन महिने एकाच विषयावर भांडत होतास तू. आणि ते भांडण तसंच अर्धवट टाकून, सकाळचा चहा हातात असताना, पाव बुडवता बुडवता गेलास. लहानपणीही तू असंच करायचास. हरायची पाळी आली की "थांब हां, आलोच" म्हणून उठायचास आणि थेट जेवायलाच उगवायचास. ह्या वेळी तेवढंही म्हणाला नाहीस. मी कुणाशी भांडू आता?

भेटायला येणाऱ्या माणसांना समजावून सांगताना माझी जीभ दुखायला लागली आहे. हा शोभेचा टँक नव्हे हो, ह्यात रंगीत खडे आणि बुडबुडे सोडणारी बाहुली नसते. ह्यात समुद्रासारखं खारं पाणी आहे, दगड आहेत, दगडांवर मऊ कोरलं आहेत, ती जिवंत असतात, उजेडावर जगतात. शंखात राहणारे दोन खेकडे आहेत आणि एक बोटभर मासा आहे, तो लाजाळू आहे, दिसणार नाही. लोक वाकून बघतात आणि म्हणतात, "इतकोच? पयलींचो केदो व्हडलो आशिल्लो!"

तेच तर. आधीचा भिंतभर होता.

तुझ्या त्या मोठ्या टँकाला मी किती नावं ठेवली असतील! पाळीच्या लोखंडाच्या खाणीवर नोकरी करायचास, घरी यायचास तेव्हा भुवयांपर्यंत तांबडा असायचास. वहिनी दारातच बालदी भरून ठेवायची, पण तू पाय धुवायच्या आधी टँकपुढे जाऊन उभा. घरात सगळ्यावर त्या मातीचा थर, टीव्हीवर, देवांच्या फोटोंवर, जनेलाच्या गजांवर. लखलखीत काय, तर तुझी काच. आई म्हणायची, झिलान दर्या सोडलो आनी दर्याच इकतो घेवन बसलो. हरमलचं आपलं घर बाबा गेल्यावर विकलं, तू नोकरीपायी इकडे डोंगराकडे आलास, नार्व्याची मुलगी केलीस आणि डिचोलीकर झालास. मी मात्र लग्न करूनही हरमलातच राहिले, वाडा तेवढा बदलला. म्हणून तुला चिडवायचे, माझ्या मागच्या दारी अख्खा समुद्र आहे, फुकट, वीज लागत नाही. तू म्हणायचास, तुझ्या समुद्राकडे तू बघतेस कधी?

बघायचे रे. तूच शिकवलं होतंस. ओहोटीला आपण खडकांवर जायचो, खळग्यांत पाणी राहिलेलं असायचं, त्यात इवलासा मासा, एखादा काटेरी गोळा, फुलासारखं काहीतरी. मला लगेच हात घालायचा असायचा. तू माझं मनगट धरून ठेवायचास. "हात घालू नाका गो. रावलां तर तां आपसूक भायर येता." आणि यायचं ते बाहेर, खरंच. भरती पायाला लागेपर्यंत आपण बसायचो आणि घरी दोघांनाही मार. मी आयुष्यात जी काही वाट बघायला शिकले ती तिथे, तुझ्या हातात मनगट देऊन. हे तुला मी कधी सांगितलं नाही, असं काही आपल्यात सांगत नाहीत.

पण त्याच टँकाचा मला राग होता, तोही आज सांगते. भाऊबीजेला तू यायचास, जेवायचास, पानावरून उठतानाच घड्याळाकडे बघायचास. दिवे मालवायचे, पाणी बघायचंय, पंप आवाज करत होता. लग्नानंतर इतक्या वर्षांत तू आणि वहिनी माझ्याकडे एक रात्र राहिला नाहीत. मी मागच्या दोन खोल्या बांधल्या, हंगामात परदेशी लोक येऊन तीन-तीन महिने राहून गेले, पण माझा सख्खा भाऊ नाही राहिला. "टँक आहे ना" हे उत्तर ऐकून ऐकून मला त्या टँकावर सवतीसारखा राग होता.

म्हणून तर मी चक्रावले. तुळशीच्या लग्नाला आले तुझ्याकडे, हॉलमध्ये पाय टाकला, आणि भिंत रिकामी. लाकडी स्टँडच्या चार पायांचे डाग तेवढे फरशीवर. खिडकीपासून लांब त्या कोपऱ्यातल्या मेजावर हा डबा, तांदळाच्या डब्याहून थोडा मोठा. तू म्हणालास, मोठा वाळपईच्या उल्हासला दिला, सगळ्या माशांसकट. उल्हास तुझा ह्याच वेडातला दोस्त, सरकारी कचेरीत असतो, माणूस चांगला. ज्याला इतकी वर्षं शिव्या घातल्या तो टँक गेला आणि मला आनंद होईना.

"कित्याक दिलो?" मी विचारलं.

"बालदी उचलूंक जायना आतां. पाठ दुखता."

"पाठ दुखता म्हूण कोण असां करता? माणूस ठेव."

"शाले, लहान म्हणजे सोपो अशें नासता," तू सुरू झालास. मोठ्या टँकात चूक झाली तर पाणीच इतकं असतं की चूक पचून जाते. लहानात थोडं मीठ वाढलं, थोडी ऊब वाढली की संपलं. लहान टँक राखायला जास्त अक्कल लागते, हे तू मला दहा मिनिटं सांगत होतास आणि मी त्यातलं काही ऐकत नव्हते. कारण अंगणात तुझी स्कूटर नव्हती. ती शेजाऱ्याच्या मुलीला दिलीस म्हणे, कॉलेजला जायला. कपाटातली निम्मी पुस्तकं वाचनालयात गेली होती. मी म्हटलं, "तू आवराआवर करतंय." तू हसलास. मी म्हटलं, "सांग मरे, दोतोर काय म्हणालो?" तू पुन्हा हसलास, मान खाली घातलीस, फरशीकडे बघितलंस, आणि वहिनीने तेवढ्यात चुरमुऱ्यांचा प्रसाद आणला. तुझी सुटका झाली.

त्यानंतर फोनवर रोज तेच. मी वळसा घालून तिथेच यायचे, तू वळसा घालून निसटायचास. "सांगतलंय एक दिस," म्हणून पुढे ढकलायचास. मला वाटलं, झालं. ह्याला कळलंय काहीतरी, आणि हा आपल्याला सांगत नाहीये. शिगमा तोंडावर आला होता, इथे बाजारात ढोलांना चामडी चढत होती, आणि एका सकाळी वहिनीचा फोन आला. तिला बोलता येत नव्हतं. मी रडले नाही. पहिला विचार काय आला ठाऊक आहे? लबाड, तुला माहीत होतं.

त्या दिवशीचं एक सांगते, तू बघितलं नाहीस म्हणून. तुला नेल्यावर काकी पुढे झाली. पेडण्याहून आलेली आपली काकी, कुणाच्याही घरी माणूस गेला की कामाची सूत्रं तिच्याकडे. मयत झालेल्या घरात भरलेलं पाणी ठेवायचं नाही, सगळं ओतायचं, हा तिचा पहिला हुकूम. बायका कामाला लागल्या. कळशी, हंडा, बालद्या, फिल्टरचं भांडं. मागच्या पडवीत तुझे दोन पांढरे कॅन होते, एकात कालवून ठेवलेलं खारं पाणी, दुसऱ्यात टँकात वरून घालायचं गाळलेलं साधं पाणी. तेही गेले मोरीत, धो धो. मी उभी राहून बघत होते. ते टँकासाठीचं पाणी आहे एवढं मला ठाऊक होतं, तरी मी कुणाला अडवलं नाही.

मग काकी हॉलमध्ये आली. टँकाकडे बोट दाखवलं. "आनी ह्यां कितां? ह्यां उदकय ओता भायर."

दोन बायका पदर खोचून पुढे झाल्या. वहिनी सकाळपासून भिंतीला टेकून बसली होती, कुणी पाणी दिलं तरी घेत नव्हती, बोलत नव्हती. ती तिथूनच म्हणाली, "तें उदक न्हय, काकी. तें तांचें घर."

काकीचं बोट खाली आलं. काकीला गप्प करणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. आतले ते दोन खेकडे, तो लाजाळू मासा आणि ती जांभळी कोरलं वाचली ती वहिनीच्या एका वाक्यावर. तू तिला अबोल म्हणायचास.

आपल्याकडे लग्न झालेल्या बहिणीला भावाचं सुतक तीनच दिवस. तीन दिवस! चौथ्या दिवशी मी 'मोकळी'. मोकळी होऊन करायचं काय, कुणी सांगत नाही. घरी गेले, दोन दिवस भांडी उगाच घासली, तिसऱ्या दिवशी मनात आलं, दादाचं पाणी आपल्या डोळ्यांदेखत ओतलं, ते आपण भरून देऊ. कॅन घेतले, पहाटेच्या भरतीला खडकांच्या पलीकडे गेले जिथे पाणी स्वच्छ असतं, कमरेपर्यंत भिजून भरले, आणि डिचोलीला आणले. टँकातलं पाणी बोटभर खाली गेलं होतं, हवा तापलेली, वरती तुझा तो छोटा पंखा चालू. मी आपल्या समुद्राचं पाणी घातलं, काठोकाठ. काय अभिमान वाटला मला! खाऱ्या पाण्यात खारं पाणी, हरमलच्या माणसाला हे काय शिकवायचं? दुसऱ्या दिवशी परत बोटभर कमी, परत घातलं. तिसऱ्या दिवशी परत. वहिनीला सुतकात काही सुचत नव्हतं, ती बघत होती आणि मान हलवत होती.

मग कोरलं मिटली. आधी एक कोपरा, मग सगळी. जांभळ्याचं राखाडी झालं. मासा वर येऊन तोंड उघडझाप करायला लागला, जो तुला सुद्धा दिवसातनं एकदा दिसायचा तो. मी उल्हासला फोन केला तेव्हा माझ्या तोंडून शब्द नीट निघत नव्हते, त्याला वाटलं घरात आणखी कुणाला तरी झालं.

तो वाळपईहून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला. मीठ मोजायची नळी उजेडाकडे धरली, बघितलं, परत बघितलं. म्हणाला, "ताई, तुमी खारें उदक घालतात?"

"मग? समुद्राचं आहे. हरमलचं."

त्याने डोकं खाजवलं. बिचाऱ्याला हसू येत होतं आणि हसता येत नव्हतं. मग सांगितलं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ उडत नाही, ते आतच राहतं. म्हणून वरून साधं पाणी घालायचं. मी रोज त्यात मिठावर मीठ चढवत होते. इतकी वर्षं मिठागरांच्या तालुक्यात राहून, उन्हात पाणी आटतं आणि मीठ मागे उरतं हे डोळ्यांनी बघून, मला हे सुचू नये? दादा, तू असतास तर गडबडा लोळला असतास. आणि वर्षभर सगळ्या गोव्याला सांगितलं असतंस.

एकदम बदललं तर मरतील, उल्हास म्हणाला, थोडं थोडं खारं काढायचं, थोडं थोडं साधं घालायचं, एक एक पेला, मध्ये थांबायचं. गाळलेल्या पाण्याचा कॅन ठेवून तो गेला. मग मी आणि वहिनी दोघीच. एक पेला तिने, एक पेला मी. मध्ये नुसतं बसायचं. माझा जीव थाऱ्यावर नव्हता, मी फेऱ्या मारत होते, येणाऱ्या-जाणाऱ्यावर खेकसत होते. ही कोरलं मेली तर तू दुसऱ्यांदा जाशील आणि ह्या वेळी माझ्या हातून, एवढंच डोक्यात. वहिनी मात्र शांत बसून पेला ओतायची, थेंब उडू न देता.

दुसऱ्या दिवशी दुपारी कडेचं एक कोरल जरासं उघडलं. मला रडूच फुटलं, तुझ्यासाठी आलं नव्हतं इतकं. आणि रडता रडता मी विचारूनच टाकलं.

"वहिनी, खरं सांग. दोतोर त्याला काय म्हणाला होता?"

"कितें म्हणटलो? प्रेशराची गुळी. सकाळीं एक."

"मग त्याने टँक का लहान केला? स्कूटर का दिली? त्याला ठाऊक होतं ना सगळं?"

वहिनीने पेला खाली ठेवला. "तुका तांणी सांगूंकच ना?"

"काय?"

"तुजेकडेन येवपाचें आशिल्लें गो. रावपाक. हरमला."

मग तिने सांगितलं, आणि मी जमिनीवर बसून ऐकलं. निवृत्त झाल्यापासून तुझ्या मनात तेवढंच होतं म्हणे. परत समुद्राजवळ जायचं. घर तर विकलेलं, तेव्हा माझ्या मागच्या दोन खोल्यांवर तुझा डोळा. पण लग्न झालेल्या बहिणीच्या घरी भावाने बिऱ्हाड करायचं, लोक काय म्हणतील, भावोजी काय म्हणतील, वर आमचे हंगामाचे भाडेकरू बुडणार. तुला विचारायची लाज वाटत होती. रोज वहिनीला म्हणायचास, आज फोनवर विचारतो. फोन ठेवलास की म्हणायचास, आज ती भांडायच्या तंद्रीत होती, शिगमा झाला की विचारतो. स्कूटर दिलीस कारण हरमलात पायी फिरणार होतास. गणेश चवथीच्या वेळी माझ्या मागच्या खोलीत तासभर का घुटमळत होतास तेही तिने सांगितलं. दुपारचं ऊन कुठल्या भिंतीवर येत नाही ते बघत होतास.

आणि टँक? भिंतभराचा टँक हलवता येत नाही. कोलवाळच्या पुलावरून, त्या सगळ्या खड्ड्यांतून, पाण्यासकट न्यायचा तर एकच जागा, गाडीत पुढच्या सीटवर, वहिनीच्या मांडीवर. म्हणून काच कापायला देण्याआधी तू टेप घेऊन तिच्यापुढे बसलास आणि तिच्या मांडीचं माप घेतलंस. लांबी, रुंदी. तिने तुला झाडूने मारायचं बाकी ठेवलं होतं. हे सांगताना वहिनी हसली, दादा. तू गेल्यापासून पहिल्यांदा. आणि हसता हसता तोंडावर पदर घेऊन मोठ्याने रडली. मी तिला धरून बसले.

तेव्हापासून मला बसवत नाही. तुला सगळं ठाऊक होतं, तू आवरून गेलास, ह्या रागावर मी इतके दिवस उभी होते. त्या रागात एक आधार होता. तू तयार होतास असं तरी म्हणता येत होतं. आता तेही गेलं. तू तयार नव्हतास. तुझे बेत होते, आणि त्या बेतांत मी होते. हे कळल्याचा आनंद करू की कपाळ बडवून घेऊ, मला समजत नाही. एकाच क्षणी दोन्ही होतं.

विचारायचं होतंस रे. मी आधी भांडलेच असते, इतके दिवस का नाही विचारलंस म्हणून. मग ह्यांना न विचारता हो म्हटलं असतं आणि त्याच दिवशी भाडेकरूंची खाटली बाहेर काढली असती. तुला लाज वाटली? माझी? जिचं मनगट धरून ठेवायचास तिची? तीन महिने तू फरशीकडे बघून हसत राहिलास आणि मी तुला मरणाबद्दल विचारत राहिले. एवढं एकच वाक्य हवं होतं, दादा, दोघांपैकी कुणाच्याही तोंडून.

काल ह्यांना फोन करून सांगितलं, मागच्या खोल्या ह्यापुढे कुणाला द्यायच्या नाहीत. ते म्हणाले, ते मी आधीच ठरवलंय. तुझी लेक वहिनीला पुण्याला नेते म्हणत होती. वहिनी म्हणाली, मागून बघू, आधी हरमल. काकीचा फोन आला, वर्षभर बाईने उंबरठा ओलांडायचा नसतो, निदान महिना तरी. वहिनीने ऐकून घेतलं, हो काकी म्हणाली, फोन ठेवला आणि दोन साड्या पिशवीत भरल्या.

उद्या सकाळी, ऊन चढायच्या आत निघायचं. हे गाडी घेऊन येणार आहेत. उल्हासने सगळं समजावून दिलंय, निम्मं पाणी कॅनमध्ये, निम्मं टँकात, वरती ओलं फडकं, आणि सेलवर चालणारा छोटा पंप. मी वहिनीला म्हटलं, तुला धड झोप नाही, अंगात त्राण नाही, तू मागे टेकून बस, टँक मी घेते मांडीवर. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ना," ती म्हणाली. "माप म्हजें घेतिल्लें."